गोडव्याचा पंचनामा

अबकारी खात्याच्या नोकरीत मी पस्तीस वर्षे मद्य मोजले. चाखले मात्र फार क्वचित. गोव्यात राहून, आणि त्यातही अबकारीत नोकरी करून, एखाद्याला मद्याची चव कळत नाही हे कुणाला खरे वाटत नाही. मी हे सांगितले की ऐकणारे समजूतदारपणे हसतात. परंतु मोजणे आणि चाखणे ही दोन सर्वस्वी भिन्न कामे आहेत, आणि शासनाला प्रयोजन असते ते केवळ पहिल्याचे. बार्थोलोम्यू साईक्स या इंग्रज अबकारी अधिकाऱ्याच्या नावाचा हायड्रोमीटर ब्रिटिश पार्लमेंटने १८१६ साली कायद्याने अधिकृत ठरवला. त्याच्याशी जोडलेली 'प्रूफ'ची गणना आपल्या देशातील अबकारी कागदपत्रांत पुढे दीर्घकाळ टिकून राहिली. शंभर प्रूफ म्हणजे आकारमानाने ५७.१ टक्के मद्यार्क, बाटलीवर ४२.८ टक्के लिहिलेले असते ते पंचाहत्तर प्रूफ, म्हणजेच आमच्या भाषेत '२५ यू.पी.' हे हिशेब मला आजही झोपेत उठवून विचारले तरी सांगता येतील.

काजूच्या हंगामात सत्तरी-काणकोणकडच्या भट्ट्यांची तपासणी करीत हिंडताना या मोजमापाची मर्यादा मात्र वारंवार ध्यानात येई. जुना भट्टीकार फेणीची बाटली हातात घेऊन हलवी, वर आलेल्या बुडबुड्यांचा आकार आणि ते किती वेळ टिकतात हे न्याहाळी आणि 'ग्राव' सांगे. त्याचा ग्राव आणि माझा हायड्रोमीटर यांचे सहसा भांडण होत नसे. एकदा एका वृद्ध भट्टीकाराने सारख्याच ग्रावाच्या दोन बाटल्या माझ्यापुढे ठेवल्या आणि म्हणाला, "साहेब, ही पाहुण्याला द्यायची. ती नुसती विकायची." दोहोंची तीव्रता एक, कर एक, परवाना एक. मग भेद कशात? माझ्या नोंदवहीत त्या भेदासाठी रकाना नव्हता. मी सही करून पुढच्या भट्टीकडे निघालो. हा प्रश्न मला पुन्हा गाठील, आणि तोही शिकागोत, असे तेव्हा स्वप्नातही वाटले नव्हते.

२०२४ च्या ऑक्टोबरात मी मुलाकडे शिकागोला होतो. त्याच्या परिचयातील एका गृहस्थांनी चांगली नोकरी सोडून बियर बनवण्याचा लहानसा कारखाना काढला आहे. अशा लहान कारखान्यांतल्या बियरला तेथे 'क्राफ्ट बियर' म्हणतात. आपण हातमागाचे लुगडे म्हणतो, त्याच कौतुकाने. हिवाळ्यासाठी त्यांनी एक तीव्र, गोड, काळी बियर तयार केली होती आणि ती विक्रीस काढण्यापूर्वी सहाजणांनी चाखून तिचे लेखी मूल्यमापन करावे अशी त्यांची इच्छा होती. मुलाने माझी ओळख 'पस्तीस वर्षे मद्याचे नियमन केलेले अधिकारी' अशी करून दिल्यामुळे सहावी खुर्ची मला मिळाली. पात्रता तपासण्याची रीत तेथेही आपल्याकडच्यासारखीच दिसते.

या काळ्या बियरचे, म्हणजे स्टाउटचे, कूळ इंग्लंडातले. तिचा काळेपणा येतो तो जवळजवळ कॉफीसारख्या भाजलेल्या जवापासून. याही गोष्टीत अबकारीचा हात आहे हे मला तेथे जाण्याआधी वाचून कळले आणि उगाचच अभिमान वाटला. लंडनचे बियरवाले रंगासाठी जळकी साखर घालीत. १८१६ च्या कायद्याने माल्ट आणि हॉप्स यांखेरीज काहीही घालण्यास मनाई केली, तेव्हा पुढच्याच वर्षी डॅनियल व्हीलर याने फिरत्या नळकांड्यात माल्ट काळे होईपर्यंत भाजण्याचे पेटंट घेतले. रंग आला आणि कायदाही मोडला नाही. लंडनच्या साउथवर्कमधील थ्रेल यांच्या कारखान्यातून (तो १७८१ साली बार्कले आणि पर्किन्स यांच्याकडे गेला) अधिक तीव्र स्टाउट रशियात, सम्राज्ञी कॅथरीनच्या दरबारापर्यंत जाई. म्हणून तीव्र स्टाउटला 'इंपीरियल' हे विशेषण चिकटले. विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडातच स्टाउटमध्ये लॅक्टोज, म्हणजे दुधातील साखर, घालण्याची प्रथा पडली. बियरच्या यीस्टला ही साखर पचत नाही. त्यामुळे ती पेल्यात तशीच गोड उरते. ही 'मिल्क स्टाउट' आजाऱ्यांना आणि बाळंतिणींना शक्तिवर्धक म्हणून दिली जाई. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथील सरकारने बाटलीवरचा 'मिल्क' हा शब्द काढावयास लावला, कारण आत दूध नव्हतेच. पाटीवरच्या शब्दाशी आतल्या वस्तूने प्रामाणिक असावे, हा आग्रह मला नेहमीच माझ्या खात्याचा सर्वांत सभ्य गुण वाटत आला आहे.

अमेरिकेने या दोन घराण्यांची सोयरीक जुळवली: इंपीरियलची तीव्रता आणि मिल्क स्टाउटचा गोडवा. तेथील कायद्याप्रमाणे बर्बन व्हिस्की आतून जाळलेल्या नव्या ओकच्या पिंपातच मुरवावी लागते. एकदा वापरलेले पीप बर्बनवाल्याच्या उपयोगाचे राहत नाही. एकोणीसशे नव्वदच्या दशकात शिकागोच्या गूस आयलंडने अशा रिकाम्या पिंपांत स्टाउट मुरवली आणि त्यांची बर्बन काउंटी स्टाउट पुढे अनेकांचा आदर्श ठरली. त्यानंतर व्हॅनिला, कोको, नारळ, मेपलचा पाक, दालचिनी अशा पदार्थांची भर पडत गेली आणि भोजनोत्तर मिष्टान्नाची चव पेल्यात आणणाऱ्या या बियरला 'पेस्ट्री स्टाउट' असे नाव पडले. नाव चेष्टेने दिलेले; घेणाऱ्यांनी ते मिरवले. आपल्या अन्नसुरक्षा मानकांनुसार बियरचा मद्यार्क ८ टक्क्यांपलीकडे जाऊ शकत नाही. माझ्यापुढे आलेली बियर साडेअकरा टक्क्यांची होती. ती आमच्या नाक्यावर आली असती तर तिला कोणत्या रकान्यात बसवावे यावरच दोन महिने पत्रव्यवहार झाला असता.

मूल्यमापनाचा कागद तेथील बियर-परीक्षकांच्या संघटनेने ठरवलेल्या नमुन्याचा होता. ही संघटना १९८५ पासून परीक्षकांना परीक्षा घेऊन प्रमाणित करते. एकूण गुण पन्नास. पैकी गंधाला १२, रूपाला ३, चवीला २०, तोंडातील स्पर्शाला ५ आणि एकंदर परिणामाला १०. रूपाला केवळ तीन गुण आहेत हे पाहून मला बरे वाटले. आपल्या समाजात हे प्रमाण बहुधा उलटे असते.

पेला समोर आला. रंग पूर्ण काळा, दिव्यापुढे धरला तरी काठाशी थोडी तांबूस रेघ दिसेल न दिसेल. फेस तपकिरी आणि अल्पायुषी. पेला फिरवला की आतल्या भिंतीवरून द्रव सावकाश ओघळे, काकवीसारखा. नाकाशी नेताच व्हॅनिला, मग भाजलेली कॉफी, मग ओले लाकूड. पहिला घोट थंड होता आणि, खरे सांगतो, मी चकित झालो. लहानपणी आजीने खरवडून दिलेल्या दुधाच्या भांड्याची साय, तीत चॉकलेट, आणि शेवटी जळलेल्या साखरेचा किंचित कडवटपणा. मद्यार्क जाणवतही नव्हता. मी चवीला १८ गुण लिहिले आणि एकंदर बेरीज ४३ केली. त्या नमुन्यात ३८ ते ४४ म्हणजे उत्कृष्ट.

माझ्या शेजारी एक वयस्क बाई बसल्या होत्या, वीस वर्षांच्या अनुभवी परीक्षक. त्यांनी अजून लेखणी उचललेली नव्हती. माझा कागद पाहून त्या सौजन्याने म्हणाल्या, "आपण निकाल दिलात. मी अजून साक्षीच ऐकते आहे." स्पर्धेत प्रत्येकाला दोन-तीन औंस मिळतात आणि म्हणून गोड, तीव्र बियर नेहमी फायद्यात राहते, असे त्यांचे म्हणणे होते. घोटाला जे जिंकते ते पेल्याला टिकतेच असे नाही. यासाठीच त्यांनी त्या संध्याकाळी प्रत्येकाला आठ औंसांचा पेला द्यावयास लावला होता.

यावर मला कोका-कोलाची गोष्ट आठवली. १९८५ च्या एप्रिलमध्ये त्या कंपनीने जुने पेय बदलून अधिक गोड असे नवे पेय बाजारात आणले. त्याआधी सुमारे दोन लाख लोकांना ते चाखवले होते आणि बहुतेकांनी नव्याला पसंती दिली होती. जुलैमध्ये कंपनीला जुने पेय परत आणावे लागले. लोकांचे जुन्या वस्तूवरील प्रेम हे त्याचे मोठे कारण होतेच. परंतु घोटभर चाखून दिलेला कौल आणि रोज पेलाभर पिऊन बनलेले मत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही त्यातून अनेकांनी काढलेले अनुमान मला पटते.

अर्ध्या तासाने माझ्या पेल्यात निराळीच बियर होती. द्रव कोमट होत गेला तसा गोडवा चढत गेला. थंडीने जिभेवरची गोडी दबते, हे वितळलेले आइस्क्रीम चाखलेल्या कुणालाही ठाऊक असते. भाजलेल्या जवाचा कडवटपणा, जो पहिल्या घोटात गोडव्याला तोलून धरीत होता, तो त्याखाली बुडून गेला. व्हॅनिला पुढे आली आणि पुढेच राहिली. मी कारखानदारांना आकडे विचारले. माझी भाषा निघाल्यावर त्यांनाही आनंद झाला. आंबण्यापूर्वी घनता १.१३०, आंबून झाल्यावर १.०४२. पाणी म्हणजे १.०००, साधी आयरिश स्टाउट १.०१० च्या आसपास थांबते. इंपीरियलसाठी परीक्षकांचे मानक १.०१८ ते १.०३० असे आहे. म्हणजे हायड्रोमीटरही त्या बाईंचीच साक्ष देत होता. तरी 'गोड आहे' एवढेच तो सांगू शकत होता. 'फार गोड आहे' हे वाक्य कोणत्याही यंत्राला उच्चारता येत नाही. त्या 'फार'मध्येच सगळा न्याय आहे.

महाविद्यालयात तत्त्वज्ञान हा माझा विषय होता. सौंदर्यशास्त्राच्या तासाला ह्यूमचा १७५७ सालचा रुचीच्या मानदंडाविषयीचा निबंध शिकवला जाई. त्यात त्याने 'दोन किहोते'मधील एक प्रसंग घेतला आहे. सँको पांझाच्या दोन नातलगांना पिंपातली वाइन चाखावयास देतात. दोघेही ती उत्तम म्हणतात; पण एकाला तीत चामड्याची किंचित चव लागते, दुसऱ्याला लोखंडाची. लोक दोघांना हसतात. पीप रिकामे होते तेव्हा तळाशी चामड्याची वादी बांधलेली लोखंडी किल्ली सापडते. रुचीचे सूक्ष्मत्व ही काल्पनिक गोष्ट नव्हे, याचा ह्यूमला तो पुरावा वाटला. मला विद्यार्थिदशेतही या दाखल्यात एक फट दिसे आणि आज ती अधिकच रुंद दिसते. किल्लीने एवढेच सिद्ध झाले की त्यांची जीभ खोटे बोलत नव्हती. वाइन उत्तम होती, हे किल्ली सिद्ध करीत नाही. पिंपाच्या तळाशी 'उत्तमपणा' नावाची कोणतीही वस्तू सापडत नसते.

कान्टने १७९० च्या ग्रंथात तर खाण्यापिण्याला या न्यायालयाच्या बाहेरच ठेवले. एखाद्याला कॅनरीची वाइन रुचत असेल तर त्याने 'मला रुचते' एवढेच म्हणावे; सौंदर्याविषयी बोलताना मात्र आपण सर्वांच्या संमतीवर हक्क सांगतो, असा त्याचा भेद. रा. भा. पाटणकरांच्या 'सौंदर्यमीमांसे'तून हा भेद मराठी वाचकांच्या परिचयाचा आहे. मला तो जिभेच्या बाबतीत कधीच पुरता पटलेला नाही, आणि त्यासाठी दूर जाण्याची गरज नाही. होळीच्या दिवशी पुरणपोळी खाताना आपण 'मला गोड आवडत नाही' आणि 'पुरण कच्चे राहिले आहे' ही दोन वाक्ये एकाच स्वरात उच्चारीत नाही. पहिले वाक्य बोलणाऱ्याविषयी आहे, दुसरे पोळीविषयी. दुसऱ्यावर वाद होऊ शकतो, कारणे देता येतात, सुगरण ते मान्यही करते. मधुमेही माणूसदेखील 'पोळी उत्तम झाली आहे, मला चालत नाही' असे म्हणू शकतो, आणि त्यात विसंगती नसते.

आमच्या परंपरेने तर चाखण्यालाच विचाराचे प्रतिमान केले. भरताने नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात रस समजावताना गूळ, मसाले आणि औषधी यांच्या मिश्रणातून सिद्ध होणाऱ्या अन्नातील रसाचाच दाखला दिला आणि तो आस्वादणाऱ्याला 'सुमनस्' म्हटले. पुढे अभिनवगुप्तादिकांनी पानकरसाचा दृष्टांत रूढ केला: गूळ, मिरी इत्यादी द्रव्ये वेगळी ओळखू येत नाहीत आणि पानकाची चव त्यांपैकी कुणाचीच नसते, ती नवी आणि एक असते. शिकागोच्या त्या टेबलाशी हा दृष्टांत मला एखाद्या तपासणीच्या साधनासारखा उपयोगी पडला. या पेल्यात व्हॅनिला आहे, कोको आहे, ओक आहे, साय आहे. परंतु पानक झाले आहे काय? पहिल्या घोटाला झाले होते. शेवटच्या घोटाला ते मोडून द्रव्ये सुटी झाली होती, आणि त्यांतली एकच मोठ्याने बोलत होती.

येथे एक सावधगिरी मला स्वतःलाच घ्यावी लागली. गोड म्हणजे बालिश आणि कडू म्हणजे प्रौढ, असा जाणकारांमध्ये एक उच्चभ्रू समज असतो. टेबलावर असे एक तरुण गृहस्थ होते. त्यांनी पहिल्या घोटालाच नाक मुरडून १९ गुण दिले. या जातीची बियर असूच नये, असे त्यांचे मत. ते मत बाळगण्याचा त्यांना पूर्ण अधिकार आहे, पण तो या बियरवरचा निकाल नव्हे; जातीवरचा राग त्यांनी व्यक्तीवर काढला होता. श्रीखंडाला आंबट वरणाच्या कसोटीवर नापास करणे हा न्याय नव्हे. माझे ४३ आणि त्यांचे १९ यांत चोवीस गुणांचे अंतर होते, आणि आम्हा दोघांची चूक मात्र एकच होती.

मला अधिक खटकली ती दुसरी गोष्ट. चर्चेत चौघांनी एका सुरात स्तुती केली की साडेअकरा टक्के मद्यार्क असून तो मुळीच जाणवत नाही. माझ्या हिशेबाने ही बियर वीस प्रूफची, म्हणजे ८० यू.पी.; आपल्याकडच्या पाच टक्क्यांच्या बियरच्या दुपटीहून अधिक. तीव्रता बोचू नये, घशाला जाळू नये, हे मला मान्य. पण ती जाणवूच नये, हा गुण कसा? गोडवा जेव्हा तीव्रतेला तोलतो तेव्हा तो तिचा सोबती असतो. जेव्हा लपवतो तेव्हा साथीदार असतो, आणि या दोन शब्दांतला फरक आमच्या खात्याच्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही. पिणाऱ्याला आपण काय पितो आहोत हे बाटलीवरच्या आकड्याने सांगावे आणि जिभेने सांगू नये, यात काहीतरी अप्रामाणिक आहे. कारखानदारांनी मात्र शांतपणे विचारले, "पक्वान्न तरी आपल्या उष्मांकांची जाणीव कोठे करून देते?" या प्रश्नाला माझ्यापाशी तत्काळ उत्तर नव्हते. आजही पूर्ण उत्तर आहे असे नाही. एवढेच सुचते की पक्वान्न खाऊन माणूस मोटार हाकताना झाड चुकवण्याचे विसरत नाही.

मद्यपान मुळात युक्त की अयुक्त, हा प्रश्न वाचकांपैकी काहींच्या मनात केव्हाचा उभा असेल. तो मोठा प्रश्न आहे आणि मी त्यावर पगार घेतलेला असल्यामुळे निःपक्षपाती साक्षीदार नाही. तो येथे घेत नाही.

त्या रात्री झोप आली नाही ती मात्र बियरमुळे नव्हे. पहिल्या घोटाला लिहिलेले ते ४३ मला दुसऱ्याच एका कागदाची आठवण देत राहिले.

१९९६-९७ च्या सुमारास माझ्या हाताखाली दोन निरीक्षक होते. त्यांचे गोपनीय अहवाल मी लिहीत असे. वर्षातून दोन-तीनदा प्रत्येकाच्या कार्यक्षेत्रात अर्धा दिवस जाऊन येणे, ही माझी तपासणी. पहिला गृहस्थ अत्यंत गोड बोलणारा. मी पोचण्याआधी कागद मांडलेले, प्रश्नाआधी उत्तर तयार, निरोप देताना गाडीपर्यंत येणार. दुसरा तुटक. विचारलेल्याचेच उत्तर देई, आणि माझी सूचना चुकीची वाटली तर तसे तोंडावर म्हणे. मी पहिल्याला 'उत्कृष्ट' लिहिले, दुसऱ्याला 'चांगला'. यात काही अन्याय आहे असे मला वाटले नाही. 'चांगला' हा शब्द वाईट कसा असेल? परंतु बढतीसाठी 'अतिशय चांगला' ही किमान पायरी होती. तिच्याखालचा 'चांगला' म्हणजे व्यवहारात नकारच. शिवाय तो शेरा प्रतिकूल गणला जात नसल्यामुळे संबंधिताला कळवलाही जात नसे. तो का मागे पडला हे त्याला कुणी सांगितले नाही.

पुढच्या वर्षी काही कारणाने चार महिने दोन्ही क्षेत्रांचा प्रत्यक्ष कार्यभार माझ्याकडे आला आणि मला पहिल्यांदाच दोन्ही पेले तळापर्यंत पिण्याची वेळ आली. तुटक माणसाच्या नोंदवह्या थेंबाथेंबाने जुळत होत्या. गोड माणसाच्या क्षेत्रात गुन्हा म्हणावे असे काही नव्हते. पण तपासणीच्या दिवशी जे मांडले जाई त्याच्या मागे बरेच काही मांडलेले नसे. कित्येक प्रकरणे वर्षानुवर्षे तशीच पडून होती. मी त्या वर्षी शेरे बदलले. पण बढतीची समिती पाच वर्षांचे अहवाल पाहते आणि माझा जुना शब्द त्यांत बसून राहिला. तो निरीक्षक कनिष्ठांच्या मागे राहिला आणि एक पायरी खालीच निवृत्त झाला.

२००८ साली देव दत्त विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नेमके हेच सांगितले: 'अतिशय चांगला' हवा असताना दिलेला 'चांगला' हा परिणामाने प्रतिकूलच असतो, आणि गोपनीय अहवालातील प्रत्येक नोंद संबंधिताला कळवली पाहिजे. तो निकाल मी कार्यालयात बसून वाचला तेव्हा आमचे ते निरीक्षक नोकरीत नव्हते. मी त्यांना भेटावयास गेलो नाही. काय सांगावयाचे, हा प्रश्न होता. आणि सांगितल्याने त्यांना काय मिळणार, ही मी माझ्याच सोयीसाठी काढलेली पळवाटही होती. निवृत्तीनंतर एकदा म्हापशाच्या बाजारात ते दिसले. त्यांनी नमस्कार केला, मीही केला. माझ्याजवळ आंब्याची पिशवी होती. ती कशी झाली आहेत, कुठून घेतली, एवढेच बोलणे झाले.

मी मद्यासाठी हायड्रोमीटर वापरला आणि माणसांसाठी जीभ. आणि जीभ वापरायची तर निदान पेला संपेपर्यंत थांबावे लागते, हे मला पस्तीस वर्षांच्या नोकरीत कुणी सांगितले नाही. किंवा कुणी सांगितले असेल, तर ते तुटकपणे सांगितले असावे.

शिकागोच्या त्या कागदाचा एक विशेष सांगावयाचा राहिला. तो गोपनीय नसतो. परीक्षक त्यावर स्वतःचे नाव लिहितो आणि कागद बियर बनवणाऱ्याकडे परत जातो. गुणांच्या शेजारी कारणांसाठी ओळी आखलेल्या असतात आणि एकंदर परिणामाच्या रकान्यात ही बियर अधिक चांगली कशी होईल हेही लिहावयाचे असते. पहिल्या घोटाला ४३ गुण देताना मी त्या सर्व ओळी कोऱ्या सोडल्या होत्या. उत्कृष्टाला कारण लागत नाही, ही माझी जुनी सवय.

पेला रिकामा झाल्यावर मी ४३ वर रेघ मारली आणि बेरीज पुन्हा मांडली. गंध १०, रूप ३, चव १३, स्पर्श ४, एकंदर ५, झाले ३५. शेजारच्या बाईंनी ३६ दिले होते, तरी मी त्यांचा आकडा नंतर पाहिला, हे नमूद करतो. मग कोऱ्या ओळींवर लिहिले: दुधाची साखर एक तृतीयांशाने कमी करून पाहावी, भाजलेल्या जवाचा कडवटपणा कोमट झाल्यावरही ऐकू यावा, व्हॅनिला मागे ठेवावी, मद्यार्काची ऊब घशाशी थोडी जाणवू द्यावी, पिणाऱ्याला त्याचा हक्क आहे. आमच्या घरी पुरणात चिमूटभर मीठ आणि जायफळ घालतात, तेही सुचवले. इंग्रजीत जायफळाचे स्पेलिंग मुलाला विचारावे लागले. खाली पूर्ण नाव लिहिले, गावाचे नाव लिहिले, आणि कागद कारखानदारांच्या हातात दिला. त्यांनी तो तेथेच, माझ्यासमोर उभे राहून, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला. इतका वेळ कुणासमोर उभे राहण्याची मला सवय नव्हती.